मागच्या चाकातली टिकटिक

श्रोतेहो, नमस्कार.

तीन गिअरची जुनी सायकल कुठे अडगळीत पडून असेल, तर एवढं करून बघा. मागचं चाक उचलून धरा, गिअरचा लिव्हर दोन नंबरवर न्या आणि पायडल सावकाश पुढे फिरवा. चाकाच्या मधोमध जो जाडसर हब असतो, त्यातून बारीक टिकटिक ऐकू यायला हवी. तीन नंबरवर ती जराशी जलद होते. एक नंबरवर हब शांत असतो. मी बोलतोय ते स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीच्या एडब्ल्यू या हबबद्दल. हा १९३६ साली आला आणि पुढे कित्येक दशकं जवळजवळ तसाच बनत राहिला. त्यामुळे जुन्या सायकलीत तोच निघण्याची शक्यता फार.

माझ्या हाती आलेल्या सायकलीचा हब मुका होता. दोन आणि तीन नंबरवर चाक फिरायचं, पण टिकटिक नाही. एक नंबरवर तर पायडल नुसतंच गरगर फिरायचं, चाक जागचं हलायचं नाही. "हब गेलाय, चाकच बदला," असा सल्ला मिळाला, आणि तो मला पटतही आला होता. मग रॉकेलमध्ये भिजवलेल्या चिंधीने हब पुसला. काळा थर निघाला तशी त्याखालून अक्षरं वर आली : एडब्ल्यू, शेजारी ६२ आणि ११. हब कधी बनला ते त्याच्या अंगावरच कोरलेलं असतं. नोव्हेंबर १९६२. ते आकडे दिसल्यावर चाक बदलायचा विचार मी सोडून दिला.

आत काय असतं ते सांगतो, म्हणजे तो मुका का झाला ते कळेल. मधल्या एक्सलवरच २० दात्यांचं एक चक्र पक्कं बसलेलं असतं, ते कधीच फिरत नाही. त्याला म्हणायचं सूर्य. त्याच्याभोवती प्रत्येकी २० दात्यांचे चार ग्रह, एका पिंजऱ्यात बसवलेले. आणि या सगळ्यांना वेढणारं एक कडं, आतल्या बाजूने ६० दाते असलेलं. चेनची ताकद एका छोट्या, फुलीच्या आकाराच्या क्लचकडे येते आणि हा क्लच एक्सलवर डावी-उजवीकडे सरकतो. दोन नंबरवर तो कड्याला धरतो, आणि चेनच्या चक्राचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. तीन नंबरवर तो पिंजऱ्याला धरतो. मग कडं पुढे पळतं आणि एका फेऱ्यात चाकाचा सव्वा फेरा होऊन वर थोडं उरतं, नेमकं सांगायचं तर एक पूर्णांक एक तृतीयांश. एक नंबरवर उलटं, कडं पिंजऱ्याला ओढतं आणि चाकाला मिळतो पाऊण फेरा. चढावर पाय हलका होतो तो यामुळे. २० आणि ६०, एवढ्या दोनच आकड्यांतून तीन गिअर निघतात, याचं मला अजून नवल वाटतं.

आता टिकटिक. कड्यावर खटक्यांची एक जोडी असते, पिंजऱ्यावर डाव्या बाजूला दुसरी. फ्रीव्हीलमध्ये असतात तसेच हे खटके, मागे केसासारखी बारीक स्प्रिंग. दोन आणि तीन नंबरवर हबचं कवच पिंजऱ्यापेक्षा जलद फिरतं, म्हणून डावे खटके दात्यांवरून उड्या मारत राहतात. तीच टिकटिक. एक नंबरवर ओझं त्याच डाव्या खटक्यांवर येतं. म्हणजे माझ्या हबचे डावे खटके आडवे पडून चिकटले होते, बाकी सगळं धड होतं. आणि चिकटवलं होतं कशाने? तेलानेच. घरगुती कामाची काही तेलं वर्षानुवर्षं पडून राहिली की सुकून रोगणासारखी होतात, आणि तेवढ्या बारीक स्प्रिंगला तो थर तोडता येत नाही.

म्हणून माझं आग्रहाचं सांगणं : पाना हातात घेण्याआधी तेलाचा डबा घ्या. जुन्या हबच्या कवचावर तेल सोडायचं छोटं झाकण असतं. तिथून मी थोडं गंज सोडवणारं तेल आणि त्यामागून पातळ मशीन ऑइल सोडलं, चाक फिरवलं आणि सायकल डाव्या कुशीवर आडवी ठेवली, म्हणजे तेल त्या खटक्यांपर्यंत उतरेल. रोज हेच. तिसऱ्या दिवशी सकाळी चाक फिरवलं तर एक टिक आली. मग बराच वेळ काही नाही. मग दोन लागोपाठ. दुपारपर्यंत हब नीट बोलू लागला होता. आत ग्रीस मात्र भरू नका. घट्ट ग्रीसमध्येही हे खटके तसेच अडकतात. ग्रीस छऱ्यांना, तेल गिअरला.

तरीही मी तो उघडला, कारण बाहेर येणाऱ्या तेलात बारीक चमक दिसत होती, लोखंड झिजल्याची. उघडताना आधी गिअरची साखळी फिरवून काढायची, म्हणजे केबलच्या टोकाची ती बारीक साखळी, जी एक्सलमधून आत जाऊन क्लच ओढते. मग डावीकडचा नट आणि कोन, म्हणजे छऱ्यांना टेकणारा शंकूसारखा नट. उजवी वाटी, म्हणजे छर्रे बसतात ते उजवीकडचं कडं, पंच आणि हातोडीने सोडवायची. पायडलच्या जोराने ती वर्षानुवर्षं आवळत गेलेली असते, त्यामुळे पहिला हिसका अवघड जातो. तिचे आटे दुहेरी असतात, म्हणजे ती दोन ठिकाणांहून सुरू होऊ शकते. काढण्याआधी वाटीवर आणि कवचावर समोरासमोर खूण करून ठेवा, नाहीतर वाटी दुसऱ्या आट्यावर बसते आणि चाकात आऊट येऊ शकतो, म्हणजे ते डुलत फिरतं. मग सगळी यंत्रणा एका गठ्ठ्यात हातात येते. खाली पांढरं फडकं पसरा. त्या वाटीत छोटे २४ छर्रे असतात, मोजून ठेवा.

माझ्या हबमध्ये क्लचचे कोपरे गोल झाले होते, तेवढा क्लच बदलला. खटक्यांच्या कडा आणि ग्रहांच्या खिळ्यांची टोकंही अशीच बघावी लागतात, कड धारदार हवी. जुळवताना उजवा कोन बोटांनी घट्ट करून अर्धा फेरा मागे घ्यायचा आणि तिथेच लॉक करायचा. चाकाची ढिलाई नंतर डाव्या कोनानेच काढायची.

एक नाव इथे घ्यावंसं वाटतं. हबवर स्टर्मी आणि आर्चर यांची नावं आहेत. पण १९०२ साली नॉटिंगहॅमला जो पहिला तीन गिअरचा हब बनायला लागला, त्याची रचना होती विल्यम रायली यांची. ते दुसऱ्या कंपनीशी कराराने बांधलेले होते, म्हणून पेटंट आर्चर यांच्या नावावर गेलं. असा हब उघडला की मला रायली आठवतात.

आता केबल. यात हयगय नको. दोन आणि तीन नंबरच्या मध्ये एक जागा अशी आहे, जिथे क्लच कड्यालाही धरत नाही आणि पिंजऱ्यालाही. केबल बिघडलेली असताना मी उभं राहून पायडल मारलं, पाय रिकामा खाली गेला आणि गुडघा हँडलवर आपटून फुटला. रहदारीत याहून वाईट झालं असतं. जुळवणी सोपी आहे. लिव्हर दोन नंबरवर ठेवून उजव्या नटच्या खिडकीतून बघा. साखळी जिथे आतल्या काडीला जोडलेली असते, ती जागा एक्सलच्या टोकाशी बरोबर समपातळीत हवी. मग एक नंबरवर साखळी ताठ होते का ते पाहा. आणि गिअर बदलताना क्षणभर पायडल मारू नका.

बाकी सायकलीचं थोडक्यात सांगतो. क्रँकचे कॉटर, म्हणजे क्रँक एक्सलवर पक्का धरणाऱ्या पाचरी, ठोकून काढताना क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू द्या, नाहीतर हातोडीचा मार आतल्या छऱ्यांवर जातो. क्रोमवरचा हलका गंज ॲल्युमिनियमच्या चुरगळलेल्या कागदाने आणि पाण्याने निघतो. टायर घेताना फक्त २८ हा आकडा बघून घेऊ नका. २८ बाय दीड इंचाचा जुना टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमवर बसतो, आणि आजच्या बऱ्याच २८ इंची टायरांचं माप ६२२ असतं. ते चढतच नाहीत. रंगाचं म्हणाल, तर मूळ रंग आणि त्यावरच्या सोनेरी रेघा थोड्या जरी शिल्लक असतील, तर नवा रंग देऊ नका. मेण लावून पुसा, पुरे.

सायकल चालू झाली की महिन्यातून एकदा हबमध्ये तेलाचे चार-पाच थेंब. आणि नवी केबल घातली असेल, तर पहिल्या आठवड्यानंतर त्या खिडकीतून पुन्हा एकदा बघा. केबल बसते, थोडी सैल होते आणि काडी जागची सरकलेली असते.

नमस्कार.