सोबत आलेल्यांची शुगर

मधुमेहाच्या ओपीडीबाहेरचा बाक. मांडीवर फाईल, पायाशी डबा आणि औषधांची पिशवी. हा माणूस ३८ वर्षांचा. नंबर आईचा, शुगरही आईचीच वाढलेली. याला इथे कुणी काही विचारत नाही. खरं तर आधी यालाच विचारायला हवं.

आई किंवा वडील, एकाला टाईप टू मधुमेह असेल तर मुलांना आयुष्यात कधीतरी तो होण्याची शक्यता साधारण ४० टक्के धरतात. दोघांनाही असेल तर ७० टक्क्यांच्या आसपास. सख्ख्या भावंडांचंही तसंच, धोका इतरांपेक्षा जास्त.

"अहो, पण मी कुठे जाडा आहे?" हे उत्तर ठरलेलं. पुण्याचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२! आपल्याकडचा सडपातळ माणूस असा फसवतो.

म्हणून वजनकाट्याआधी टेप काढायची. चेन्नईचे डॉक्टर व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभर गुणांचा 'इंडियन डायबिटीस रिस्क स्कोअर' बसवला आहे. बाकावरच्या या माणसाला तो लावून पाहू. वय पस्तिशीपुढचं, २० गुण. कंबर ९४ सेंटिमीटर, १०. (पँटच्या मापावर जाऊ नका, पट्टा पोटाखाली घसरलेला असतो.) आईला मधुमेह, आणखी १०. दिवसभर खुर्चीत, व्यायाम नाही, ३०. बेरीज ७०. साठ किंवा त्याच्या वर म्हणजे जोखीम मोठी.

"घराण्यातच आहे, होणारच" म्हणणाऱ्यांनी हाच हिशेब पुन्हा बघावा. शंभरातले पन्नास गुण वयाचे आणि घराण्याचे, त्यावर इलाज नाही. उरलेले पन्नास कंबरेचे आणि हालचालीचे. याने नियमित व्यायाम धरला आणि कंबर नव्वदच्या आत आणली, तर खुर्चीतलं काम तसंच राहूनही व्यायामाचे दहा आणि कंबरेचे दहा कमी होऊन सत्तरचे पन्नास होतात.

अर्थात स्कोअर म्हणजे निदान नव्हे, रक्त द्यावंच लागतं. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाची पूर्वावस्था. १२६ किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून पक्कं करतात. आता पेशंटसोबत आलेल्यांचा सकाळचा चहा-नाश्ता बहुधा झालेला असतो. हरकत नाही. एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणाऱ्या रक्ततपासणीला, उपाशी राहावं लागत नाही, ती तपासणी त्याच दिवशी करून घेता येते.