गन धुतल्याशिवाय घरी जाऊ नका

मला विषय दिलाय, छोट्या स्प्रे गनने लाकडाला पॉलिश कसं मारावं. सांगतोच. पण आधी गन धुण्याबद्दल बोलू द्या, कारण माझ्या मते निम्मं पॉलिश तिथेच ठरतं.

गणपतीच्या तोंडावर एक सागवानी देव्हारा हातात होता. आतून मेलामाईनचं पॉलिश मारून झालं, दर्शनी बाजू राहिली. रात्र झाली म्हणून गन तशीच टांगली. मेलामाईनमध्ये हार्डनर, म्हणजे ते घट्ट करणारं रसायन, पडला की ते नुसतं वाळत नाही, पक्कं होतं; मग थिनरलाही दाद देत नाही. सकाळी ट्रिगर दाबला जाईना. पक्कड लावून माल अडवणारी-सोडणारी आतली सुई ओढली आणि घाईत तसंच मारायला घेतलं. कमळाच्या कोरीव पाकळ्यांवर गन थुंकली. एकेक पाकळी ३२० च्या सँडपेपरने घासायला तीन दिवस गेले. घरातल्या आजी रोज फोन करायच्या, "अहो, देव कुठे बसवू?" तो आवाज अजून कानात आहे.

आधी कागदावर फवारा मारून पाहिला असता तर कळलं असतं. फवारा चंद्रकोरीसारखा पडला, तर एअर कॅप, म्हणजे गनच्या तोंडावरची हवेच्या भोकांची टोपी, अर्धा वळसा फिरवा. कोर उलटली तर दोष कॅपमध्ये, तशीच राहिली तर माल बाहेर येतो त्या नोझलमध्ये. माझ्या कॅपच्या पुढे आलेल्या एका शिंगाचं भोक बुजलं होतं. टाचणीच्या टोकाएवढं भोक!

तर धुताना उरलेला माल काढा, त्याच मालाचं थिनर घालून स्वच्छ येईपर्यंत फवारा. कपाच्या झाकणाचं हवेचं भोक विसरू नका. मग मागचा नॉब, स्प्रिंग, सुई काढा आणि नंतरच नोझल खोला. सुई आत असताना नोझल फिरवलं तर दोघांची बैठक खराब होते. जोडताना उलट, नोझल आधी. भोकांत तार घालू नका, दात कोरायची लाकडी काडी घ्या. अख्खी गन थिनरमध्ये बुडवू नका, पॅकिंग फुगतात. जोडताना गनला तेल लावाल, ते सिलिकॉनचं नको. त्याचा अंश मालात गेला तर पॉलिशवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

वेळ संपल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा मारण्याचं भराभर सांगतो. नोझल १.२ किंवा १.३ मिलिमीटरचं. हवेचा दाब ट्रिगर दाबून बघत साधारण २ बार, पण गनसोबतचा कागद वाचा. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. मनगट वळवू नका, पूर्ण हात फळीला समांतर न्या. ट्रिगर कडेच्या आधी दाबा, कड ओलांडल्यावर सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा. पावसाळ्यात काम सुरू करण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीतलं पाणी सोडा. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर पांढुरकं पडतं, त्या दिवशी थांबलेलं बरं. पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश मारताना रुमाल बांधून भागत नाही, वाफा अडवणारे फिल्टर असलेला मास्क हवाच.

आता गन इथेच खोलतो. मागचे लोक पुढे या, सुई हातात घेऊन बघा.