नाव झाकून वाचलेले प्रस्ताव

[दृश्य: प्रस्तावांची यादी. वक्त्याच्या नावाचा रकाना रिकामा.]

दोन दिवसांची मुक्तस्रोत परिषद, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-वापरता येतो अशा सॉफ्टवेअरची. टॉकसाठी, म्हणजे भाषणांसाठी, जागा २४, प्रस्ताव आले १२०. प्रत्येक प्रस्ताव तिघांनी वाचायचा, म्हणजे ३६० वाचनं. एकाला दहा मिनिटं धरली तरी ६० तास. परीक्षक बारा असतील तर माणशी पाच तास. हा हिशेब प्रस्ताव मागवण्याचं आवाहन काढण्याआधीच मांडावा. माणसं कमी पडली, की यादीच्या शेवटचे प्रस्ताव नुसतं शीर्षक बघून निकालात निघतात. म्हणून यादीचा क्रमही प्रत्येकाला वेगळा द्यायचा.

अमेरिकेतल्या पायकॉनने, म्हणजे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या परिषदेने, हे काम दोन फेऱ्यांत केलं. पहिल्या फेरीत नावं झाकलेली, दुसरीत एकाच विषयाचे प्रस्ताव शेजारी ठेवून तुलना.

[दृश्य: प्रस्तावातली एक ओळ, जवळून.]

‘गेली आठ वर्षं मी या प्रकल्पाची मेंटेनर आहे.’

मेंटेनर म्हणजे प्रकल्पाची देखभाल करणारी. प्रस्ताव गोळा करणाऱ्या प्रीटॅल्क्ससारख्या प्रणालीत नावाचा रकाना सहज झाकता येतो. पण ही ओळ तशीच राहिली तर झाकून उपयोग काय? समुदाय छोटा असतो, माणूस लगेच ओळखू येतं. मराठीत तर ‘दाखवतो’ की ‘दाखवते’ एवढ्यानेच बाई की पुरुष ते कळतं. तिथे ‘या सत्रात पाहू’ असं करून घ्यावं. कंपनीचं नाव, गिटहबचा (कोड ठेवण्याच्या साइटचा) दुवा, जुन्या भाषणाचा व्हिडिओ हे सगळं काढायचं, आणि ते काम परीक्षक नसलेल्या कुणीतरी करायचं.

गुण चार प्रश्नांना, प्रत्येकी ० ते २: विषय कुणाच्या कामाचा, मांडणी स्पष्ट आहे का, वेळेत बसेल का, ऐकणारा काय घेऊन जाईल. एक परीक्षक सर्रास ७ देतो, दुसरा ४ च्या वर जात नाही. नुसती बेरीज केली तर कडक हातात पडलेला चांगला प्रस्ताव मागे राहतो. म्हणून त्या परीक्षकाच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा गुण किती वर, ते पाहावं. तिघांत फारच तफावत असेल तर चौथ्याकडे द्यावा. ओळखीच्याचा प्रस्ताव आला, तर परीक्षकाने तो सोडून द्यायचा.

ज्यांनी प्रस्तावच पाठवला नाही, त्यांना मात्र झाकलेल्या नावांचा काहीच फायदा नाही. बर्लिनच्या जेएसकॉन ईयू या जावास्क्रिप्ट भाषेच्या परिषदेने २०१२ साली निवड निनावी ठेवली, पण त्याआधी स्त्रियांना प्रस्ताव पाठवण्याचा आग्रहही केला. त्या वर्षी वक्त्यांमध्ये २५ टक्के स्त्रिया होत्या.

[दृश्य: नावं उघडतात.]

आता पाहायचं: एकाच व्यक्तीचे दोन टॉक, एकाच कंपनीचे चार, नवशिक्यांसाठी एकही नाही. प्रायोजकांची सत्रं वेगळी आणि तसं लिहून. प्रतीक्षा यादीत चार-पाच जण, क्रमासह. उरलेल्यांना ‘या वेळी जमलं नाही’ एवढंच कळवू नका. ‘अर्ध्या तासात तीन साधनं मावणार नाहीत, एकच घ्या’ असं नेमकं लिहा.