पेंचचे पाणी आणि तिसरीचा वर्ग

(दृश्य : नागपुरातील एका प्राथमिक शाळेचा व्हरांडा. मधली सुट्टी. मुले नळावर बाटल्या भरत आहेत.)

तिसरीच्या मुलाला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे विषय वेगवेगळे शिकवले जात नाहीत. परिसर अभ्यास या एका विषयात ते एकत्र येतात, आणि महाराष्ट्रात तिसरीसाठी बालभारतीने जिल्हावार पुस्तके काढली, त्यामुळे नागपूरच्या मुलाच्या हाती नागपूर जिल्ह्याचे आणि रत्नागिरीच्या मुलाच्या हाती रत्नागिरीचे पुस्तक आले. त्यामागचा विचार सरळ आहे. आधी घर, मग शाळा, मग गाव, जिल्हा, राज्य आणि देश अशा क्रमाने मुलाचे जग वाढवत न्यावे, असे त्यात गृहीत धरलेले असते. शिक्षकाला हा क्रम सोयीचा वाटतो. मुलाच्या डोक्यात मात्र जग या क्रमाने शिरेलच, याची खात्री नसते.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी जिनिव्हातील मुलांशी बोलताना एक गोष्ट टिपली होती. सात-आठ वर्षांच्या पुष्कळ मुलांना जिनिव्हा स्वित्झर्लंडमध्ये आहे हे वाक्य पाठ होते, पण दोन्हींचे चित्र काढायला सांगितले की ती दोन वर्तुळे शेजारी शेजारी काढत. आपण जिनिव्हाचे असलो तर त्याच वेळी स्वित्झर्लंडचे कसे असू शकू, हे त्यांना उमगत नसे. ‘नागपूर विदर्भात, विदर्भ महाराष्ट्रात, महाराष्ट्र भारतात’ हे घडाघडा म्हणणाऱ्या तिसरीच्या वर्गातही हा प्रयोग करून पाहता येतो. नागपूर आणि महाराष्ट्र ही दोन वर्तुळे कोणी ना कोणी शेजारी शेजारी काढतोच.

(दृश्य : सीताबर्डी मेट्रो स्थानक. एकावर एक गेलेले दोन मार्ग.)

दिशा शिकवायला या शहरात आता फार खटाटोप करावा लागत नाही. मेट्रोचा नारिंगी मार्ग उत्तर-दक्षिण जातो, निळसर ॲक्वा मार्ग पूर्व-पश्चिम जातो आणि दोन्ही सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. आपले घर या चारपैकी कोणत्या कोपऱ्यात पडते, हे मूल एका तासिकेत सांगू लागते.

(दृश्य : झिरो माईलचा वालुकाश्माचा स्तंभ, शेजारचे चार घोडे.)

झिरो माईल दाखवायला शाळा मुलांना आवर्जून नेतात आणि तिथे बहुधा एकच वाक्य सांगतात : हा भारताचा मध्यबिंदू. खरे तर हा स्तंभ त्याहून अधिक कामाचा आहे. १८०२ मध्ये ब्रिटिश भूमापक विल्यम लॅम्ब्टन यांनी दक्षिणेत सुरू केलेल्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी, म्हणजे त्रिकोणांची साखळी आखत केलेल्या भारताच्या मोजणीशी, त्याचे नाते सांगितले जाते. हेच सर्वेक्षण करीत उत्तरेकडे येताना १८२३ मध्ये लॅम्ब्टन हिंगणघाटला वारले आणि त्यांची कबरही तिथेच आहे. म्हणजे ज्या माणसाने हे मोजमाप सुरू केले, त्याच्या कबरीपर्यंत नागपूरच्या शाळेची सहल एका दिवसात जाऊन येऊ शकते. स्तंभाच्या पायाशी हैदराबाद, जबलपूर, सिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. मुंबईचे नाव ओळखीचे असलेल्या मुलाला ही नावे परकी वाटतात. ती का वाटावीत, हा प्रश्न पुढे कामी येतो.

मध्यबिंदूच्या वाक्यावर मात्र एक प्रश्न विचारायला मुलांना शिकवावे : कशावरून? त्यासाठी फाळणीपूर्वीच्या भारताचा नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून त्याच्या सीमेवरून कापून घ्यावा आणि पेन्सिलीच्या टोकावर तोलून पाहावा. जिथे तो तोलला जातो, तिथे खूण करावी. मग १९४७ मध्ये वेगळे झालेले पश्चिमेचे आणि पूर्वेचे भाग कात्रीने कापून टाकावेत आणि उरलेला पुठ्ठा पुन्हा तोलावा. जुन्या खुणेवर तो आता तोलला जात नाही. पुठ्ठ्याचा मध्य हा काही भूमापनाचा मध्य नव्हे, हे शिक्षकाला ठाऊक असावे. परंतु देशाच्या सीमा बदलल्या तर त्याचा मध्यही सरकतो, एवढे आठ वर्षांच्या मुलाला हातांनी कळते. मोठ्यांनी ठामपणे सांगितलेले वाक्यही तपासून पाहता येते, हा अनुभव त्याच वेळी पदरात पडतो. माझ्या मते या विषयाचे खरे शिक्षण इथून सुरू होते.

(दृश्य : जलकुंभ. जलवाहिनी. गोरेवाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र. नवेगाव खैरीचा जलाशय.)

आता शाळेच्या नळाकडे येऊ. पाणी कुठून येते, असे विचारले की पहिले उत्तर येते ‘टाकीतून’. टाकीत कुठून येते? इथे वर्गाला थोडे थांबावे लागते, कारण याचे उत्तर तिसरीच्या बहुतेक मुलांकडे नसते आणि ते मिळवायला घरी, शेजारी आणि महापालिकेच्या झोन कार्यालयात विचारावे लागते. एखादा सहज म्हणून जातो, “माह्या आजीले ठाऊक आहे, मी विचारतो.” या चौकशीतून जी साखळी हाती लागते, ती अशी : नळाचे पाणी वस्तीच्या जलकुंभातून येते, जलकुंभात ते गोरेवाड्याच्या शुद्धीकरण केंद्रातून येते, तिथे ते पारशिवनी तालुक्यातील नवेगाव खैरीच्या धरणातून येते आणि त्या धरणात ते वरच्या तोतलाडोह जलाशयातून, म्हणजे पेंच नदीतून येते. शहराच्या काही भागांना कन्हान नदीचे पाणी मिळते, त्यामुळे दोन वस्त्यांतील मुलांची उत्तरे जुळत नाहीत आणि तरीही दोघांची उत्तरे बरोबर असू शकतात. कन्हान असो वा पेंच, दोन्ही नद्या उगम पावतात त्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात. झिरो माईलवर कोरलेले ते परके नाव इथे पुन्हा भेटते.

पाठ्यपुस्तकाचा क्रम इथे मोडतो. घर, गाव, जिल्हा, राज्य असे एकेक पाऊल टाकत जायचे असते. नळाचा माग काढणारे मूल मात्र स्वयंपाकघरातून निघून दोन-तीन दिवसांत थेट दुसऱ्या राज्यात पोहोचते. तिथे त्याला राज्याची सीमा म्हणजे काय, हे नकाशावरील रेषेहून वेगळ्या रूपात दिसते. छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीवर चौराई येथे धरण झाल्यावर खाली येणारे पाणी कमी झाले. त्यातच २०१९ मध्ये पाऊस लांबला, तोतलाडोहचा साठा तळाला गेला आणि नागपूरला काही काळ एक दिवसाआड पाणी मिळाले. त्या दिवसांत घरात बादल्या, पिंप आणि घागरी कशा भरून ठेवल्या होत्या, हे आई सांगू शकते. वरच्या गावाला शेतीसाठी पाणी हवे आणि खालच्या शहराला पिण्यासाठी हवे, तर वाटणी कोणी ठरवायची? या प्रश्नावर तिसरीची मुले ज्या गांभीर्याने भांडतात, ते पाहिल्यावर नागरिकशास्त्र लहान मुलांना रुक्ष वाटते, हे मत टिकत नाही. रुक्ष असते ते व्याख्येपासून सुरू होणारे नागरिकशास्त्र.

(दृश्य : वर्गाच्या भिंतीवर आडवी ताणलेली दोरी, तिला चिमट्यांनी लावलेल्या चिठ्ठ्या.)

काळ शिकवणे जागेपेक्षा अवघड असते. ‘पूर्वी’ या शब्दात मुलासाठी आजीचे लग्न, शिवाजी महाराज आणि डायनोसॉर एकाच रांगेत उभे असतात. दोरी तिथे उपयोगी पडते. एक वीत म्हणजे दहा वर्षे, असे ठरवले की मुलाचे स्वतःचे आयुष्य एका विताच्या आत संपते, आजीचा जन्म सहा-सात वितांवर जातो, १८६७ मध्ये नागपूरला पोहोचलेली रेल्वे त्याच्या दुपटीहून लांब जाते आणि अठराव्या शतकाच्या आरंभी बारा खेडी जोडून हे नगर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह भिंतीच्या पार दुसऱ्या टोकाला जातो. सन पाठ करून हे अंतर कळत नाही.

या दोरीवर नागपूरला एक विलक्षण जागा आहे : १९५६. त्या वर्षीच्या ऑक्टोबरअखेरपर्यंत नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते. १ नोव्हेंबरला ते द्विभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. नागपूरच्या महाल या जुन्या भागातील एखाद्या वाड्यात १९५० साली जन्मलेली आजी घर न सोडता वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत तीन राज्यांत राहून झाली होती. ज्या मुलाने नागपूर आणि महाराष्ट्र ही वर्तुळे शेजारी काढली होती, त्याला आता आतले वर्तुळ तेच ठेवून बाहेरचे वर्तुळ दोनदा बदलावे लागते. झिरो माईलवर जबलपूर आणि छिंदवाडा का आहेत, याचेही अर्धे उत्तर त्यातच आहे : या शहराचा कारभार दीर्घकाळ त्या दिशेला जोडलेला होता.

(दृश्य : दीक्षाभूमीचा स्तूप.)

त्याच वर्षी, राज्य बदलण्याच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. वर्गातील काही मुलांच्या पणज्या त्या गर्दीत होत्या. हा प्रसंग लहान मुलांना कसा सांगावा, याबद्दल शिक्षकांत संकोच आढळतो आणि बरेचदा तारीख व स्थळ सांगून पुढच्या पाठाकडे वळले जाते. हा संकोच मला पटत नाही. जी मुले आठवडाभर पाण्याचा माग काढत होती, त्यांना १९२७ मध्ये महाडच्या चवदार तळ्यावर माणसांना पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, हे सांगता येते. तळे सार्वजनिक होते, तरीही बंदी होती. ‘कोणी घातली?’ असे मूल विचारतेच, आणि त्याला जातीचे नाव न घेता उत्तर देता येत नाही. उत्तर लहान असावे, खरे असावे आणि वर्गातील कोणत्याही मुलाकडे बोट दाखवणारे नसावे. पणजीची आठवण सांगायची की नाही, हे त्या घराने ठरवावे. वर्गाने ती मागू नये.

(दृश्य : शिक्षिकेचे टेबल. नोंदवही.)

एवढ्याला वेळ कुठून आणायचा, ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो आणि जलशुद्धीकरण केंद्र पाहायला परवानगी, बस व पालकांची संमती हे सारे जमवावे लागते. तरी आकारिक मूल्यमापनात, म्हणजे शिकता शिकता वर्षभर होणाऱ्या मूल्यमापनात, तोंडी काम, उपक्रम आणि प्रकल्प यांना जागा आहे. चाचणीत ‘नागपूरला पाणीपुरवठा कोणत्या नदीतून होतो?’ या प्रश्नाला एक गुण असतो आणि त्याचे उत्तर एका शब्दाचे असते. नोंदवहीत मात्र मुलाने कोणाला विचारले, दोन उत्तरे वेगळी आली तेव्हा त्याने काय केले आणि त्याचा पुढचा प्रश्न कोणता होता, हेही लिहिता येते. या वर्गात बाईंनी पेंचच्या पाठाखाली एका मुलीचा प्रश्न तसाच उतरवून ठेवला आहे : धरण बांधताना तिथले गाव कुठे गेले?