दोन्ही बाजू बिनचूक, नाणं मात्र चुकलेलं

हे नाणं नीट बघा. रंग सोनेरी, आकार अमेरिकेच्या एक डॉलरचा. मागच्या बाजूला उडणारा गरुड आणि 'वन डॉलर' ही अक्षरं. आता ते उलटं करू. इथे पाठीवर बाळ घेतलेली सॅकागाविया ही मूळ अमेरिकन स्त्री दिसायला हवी होती. दिसतोय जॉर्ज वॉशिंग्टन, आणि त्याच्या खाली लिहिलंय 'क्वार्टर डॉलर', म्हणजे पाव डॉलर. एकाच नाण्याच्या दोन बाजू दोन वेगळ्या किमती सांगतायत.

२००० साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत पडलेली अशी जेमतेम वीसेक नाणी आजवर सापडली आहेत. २०१८ मध्ये त्यातलं एक १,९२,००० डॉलरला विकलं गेलं. यावर साल कुठेच नाही. तेव्हाच्या पाव डॉलरवर साल मागच्या बाजूला होतं आणि या डॉलरवर दर्शनी बाजूला. नेमक्या त्याच दोन बाजू इथे नाहीत. अभ्यासकांनी ठशांच्या बारीक खुणा जुळवून पाहिल्या, तेव्हा ठशांच्या किमान तीन जोड्या वापरल्या गेल्याचं दिसलं. म्हणजे हा घोळ एकदाच झालेला नव्हता.

नाणं पडतं तेव्हा धातूची कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये येते. भोवती पोलादी कडं असतं, ते धातूला बाहेर पसरू देत नाही. एकाच दाबात दोन्ही बाजू उमटतात. आजची यंत्रं मिनिटाला शेकडो नाणी पाडतात, त्यामुळे ठसे झिजतात, तडकतात, बदलावे लागतात. नवा ठसा माणूस निवडतो आणि माणूसच बसवतो. त्या वेळी एका नाण्याचा ठसा दुसऱ्याच नाण्याच्या जोडीला बसला, तर बाहेर येणाऱ्या नाण्याला जगभरचे संग्राहक 'म्यूल' म्हणतात.

सरकलेली छाप किंवा अर्धवट उमटलेलं चित्र डोळ्यांना लगेच खुपतं. म्यूलची प्रत्येक बाजू मात्र स्वतःपुरती निर्दोष असते. चूक फक्त जोडीत असते. म्हणूनच ती तपासणीतून निसटते आणि गल्ल्यातून हातोहात फिरत राहते. नाण्यांच्या सगळ्या दोषांमध्ये मला हा दोष सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो ओळखायला दोन्ही बाजू एकत्र वाचाव्या लागतात.

ऑस्ट्रेलियाचं २००० सालचं एक डॉलरचं नाणं घ्या. मागे पाच कांगारू, दर्शनी बाजूला राणी एलिझाबेथ, देशाचं नाव आणि साल. सगळं जागच्या जागी. पण यातल्या काही नाण्यांवर राणीची बाजू दहा सेंटच्या ठशाने उमटली आहे. दोन्ही नाण्यांवर राणीचं चित्र तेच, अक्षरंही तीच. फरक फक्त आकाराचा: डॉलरचं नाणं २५ मिलिमीटर, दहा सेंटचं २३.६. दीड मिलिमीटरही नाही! ठसा बसवताना हा फरक कुणाला जाणवला नाही, यात नवल नाही. नाण्यावर तो उमटलाच. राणीच्या बाजूला कडेशी एकाच्या आत एक असे दोन काठ दिसतात. ही नाणी हजारोंच्या संख्येने वापरात गेली आणि लोकांचं लक्ष जाईपर्यंत बरीचशी झिजलीही. त्यामुळे दोन्ही काठ स्वच्छ दिसणाऱ्या, न झिजलेल्या नाण्याला जास्त भाव मिळतो.

१९६७ मध्ये न्यूझीलंडच्या दोन सेंटबाबत याहून मोठी चूक झाली. लंडनच्या रॉयल मिंटमध्ये त्याच्या मागच्या बाजूला जोडी मिळाली ती बहामाच्या पाच सेंटच्या दर्शनी ठशाची. न्यूझीलंडच्या चलनात बहामाचं नाव घेतलेली नाणी आली!

२००८ मध्ये ब्रिटनने नाण्यांची चित्रं बदलली. वीस पेन्सवर साल मागच्या बाजूला असायचं, ते दर्शनी बाजूला आणलं. काही नाण्यांसाठी जुना दर्शनी ठसा आणि नवा मागचा ठसा एकत्र बसला, आणि साल दोन्हीकडून गेलं. तीनशेहून अधिक वर्षांत ब्रिटनमध्ये सालाविना नाणं वापरात आलं नव्हतं. बातमी फुटताच हजारो पौंडांच्या बोलींची चर्चा सुरू झाली. पण ही नाणी किती, याचे अंदाज पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंतचे आहेत. गाजावाजा ओसरल्यावर भावही खाली आला. चूक कितीही नवलाची असो, भाव ठरतो तो किती नाणी आहेत आणि ती हवी असणारे किती आहेत यावर.

ब्रिटनच्याच दोन पेन्सवर १९८१ पर्यंत 'न्यू पेन्स' असे शब्द होते. १९८२ पासून तिथे 'टू पेन्स' आलं. १९८३ च्या संग्राहकांसाठीच्या संचांमधल्या काही नाण्यांवर चुकून जुनाच मागचा ठसा वापरला गेला. म्हणजे 'न्यू पेन्स' हे शब्द दुर्मीळ नाहीत, १९८३ हे सालही नाही. दोन्ही एका नाण्यावर असणं दुर्मीळ आहे. तरीही १९७१ चं साधं 'न्यू पेन्स' नाणं दुर्मीळ म्हणून विकायला काढलेलं दिसतं, आणि साल न पाहणारा फसतो.

रोमन काळातल्या नाण्यात तर विजोड जोडी दिसली की अभ्यासक आधी संशय घेतात. त्या काळी तांब्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटे देनारियस, म्हणजे रोमन चांदीची नाणी, पाडले जात. खोटी नाणी करणाऱ्यांना हाती लागेल त्या नाण्यांवरून ठसे बनवावे लागत; म्हणून एका सम्राटाच्या चेहऱ्यामागे दुसऱ्याच राजवटीचं चित्र येई. अर्थात अधिकृत टांकसाळीतही ठशांची अदलाबदल होत असे. त्यामुळे अशा नाण्याचं वजन आणि धातू पाहिल्याशिवाय निवाडा करता येत नाही.

आजची फसवणूक वेगळी आहे. दोन्ही बाजूंना एकच चेहरा असलेलं नाणं कुणी दाखवलं, तर ते बहुतेक वेळा जादूच्या खेळासाठी बनवलेलं असतं. एक नाणं आतून कोरून त्याची वाटी करतात, दुसरं कापून, तासून त्या वाटीत घट्ट बसवतात. सांधा मधोमध नसतो, तर एका बाजूच्या काठाला आतून लागून असतो. भिंग घ्या, काठाच्या आतली कड पूर्ण फिरवून पाहा. मग वजन करा, टणत्कार ऐका. जोडलेलं नाणं बहुधा बोदं वाजतं. सांधा सापडला, तर ती जोडी टांकसाळीने लावलेली नाही.