आधी फोन करा, मग निघा

श्रोतेहो, नमस्कार. दारू सोडायची ठरवलेल्या माणसानं सभा शोधायची कशी, एवढ्यावरच आज बोलणार आहे. दारूनं काय होतं ते ज्याच्या घरात आहे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, ते मी सांगत बसत नाही.

ही सभा भरवते अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए; दारू सोडणारी माणसं तिथं एकत्र बसून एकमेकांशी बोलतात. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात शेअर बाजारातला एक माणूस आणि एक डॉक्टर, दोघेही दारूनं पोळलेले, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून ही संगत उभी राहिली. आता ती आपल्या भागातही आहे. फी नाही, नावाची वही नाही, धर्माची अट नाही. दारू थांबवायची इच्छा पाहिजे, बस्स. पण सभा कुठं, किती वाजता, कुठल्या खोलीत, हे नीट माहीत नसेल तर माणूस दारापर्यंत पोचत नाही. म्हणून आधी फोन करा, मग निघा.

खानापूर तालुक्यातल्या एका गवंड्यांची गोष्ट सांगतो. नाव घेणार नाही. गोष्ट सांगायला त्यांची परवानगी आहे. मेव्हण्यानं त्यांना चिठ्ठी दिली होती: ‘शहापूर, शाळेत, मंगळवार, सात वाजता.’ आता शहापुरात शाळा काय एकच आहे? कामावरून सुटून, हातपाय धुऊन, धुतलेला शर्ट घालून गवंडी बसनं बेळगावात आले. शहापुरात पानपट्टीवर उभे राहिले, पण ‘दारू सोडायची मीटिंग कुठं असते’ हे शब्द तोंडातून फुटेनात. शेवटी म्हणाले, “मंगळवारची मीटिंग कुठं भरते हो?” पानवाल्यानं समोरच्या माडीकडं बोट केलं. “ते काय, दिवा दिसूलाय बघा. तिथंच.”

माडीवर सतरंजी, दहा-बारा माणसं, मधे एक आजोबा वही उघडून बसलेले. गवंड्यांना चहा मिळाला. एकेक जण बोलत होता: मागचे दोन हप्ते राहिले, चूक झाली, या महिन्यात देतो. गवंड्यांना वाटलं, इथली रीतच असेल, आधी देणी कबूल करायची. श्रोतेहो, ती गल्लीतली भिशी होती! अर्धा तास ते तसेच ऐकत बसले. मग आजोबांनी मान वर केली. “पाव्हणं, तुमचं काय?”

गवंडी उठले. हात थरथरत होते, ते पाठीमागं धरले आणि एका दमात बोलून गेले, “मी रोज पितो. सकाळी उठल्या उठल्या लागते. सोडायची आहे, जमेना झालंय.”

कोणी हसलं नाही. एकानंही तोंड वाकडं केलं नाही. मला या गोष्टीत सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. आजोबांनी पेनाला टोपण लावलं, वही काखेत मारली, पायात चपला सरकवल्या. “चला. तुमची मीटिंग मागच्या गल्लीत असते.” शाळेच्या फाटकापर्यंत ते स्वतः आले.

आत तिसरीचा वर्ग. फळ्यावर कानडी पाढे तसेच राहिलेले, आणि मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसलेली. आडनाव कोणी विचारलं नाही, गाव विचारलं नाही. मराठी की कानडी, एवढंच विचारलं. गवंडी मला म्हणाले, “जे बोलायचं भ्या होतं ते भिशीतच बोलून झालं होतं. इथं काय जड गेलं नाही.”

त्या रात्री तिथल्या एका जुन्या सभासदानं थरथरणारे हात पाहून बजावलं: एकदम बंद करू नका, सकाळी आधी डॉक्टर. हे नीट ऐका. रोज भरपूर पिणाऱ्यानं अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, भास होतात, जिवावर बेततं. ज्याला सकाळीच लागते, त्यानं आधी डॉक्टरला दाखवायचं. सरकारी दवाखाना चालतो. सभा हवीच, पण ती औषधाच्या जागी नाही.

आणि आणखी एक बोलतो, आजच्या विषयाला सोडून असलं तरी. आपल्या गावांत लक्ष्मीची यात्रा कित्येक वर्षांनी येते, कर्ज काढून माणसं पाहुण्यांचं करतात. मटणाचं जेवण घाला, हौसेनं घाला. पण बाटली ठेवली नाही तर पाहुण्याचा मान राहत नाही, हे कुणी ठरवलं? सोडलेला माणूस अशाच पंगतीत परत धरतो. जावयाला आग्रह करणाऱ्या सासऱ्यांनी हे मनावर घ्यावं.

तर, फोन. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे 14446, पैसे पडत नाहीत. मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेलिमानस, 14416, तिथं मराठीत बोलता येतं, कानडीतही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही सभेची चौकशी करा. विचारताना चार गोष्टी विचारा: कुठली खोली, किती वाजता, कुठल्या भाषेत, आणि फाटकाशी कोणी उभं राहील का. सभा खुली आहे का तेही विचारा. खुल्या सभेला घरचं माणूस सोबत बसू शकतं, बंद सभा फक्त ज्याचा प्रश्न आहे त्याची. गावात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून लाज वाटत असेल तर निपाणीच्या माणसानं कोल्हापूर गाठावं, चंदगडच्या माणसानं बेळगाव. राज्याची सीमा आडवी येत नाही. फक्त परतीची शेवटची बस आधी विचारून ठेवा.

आणि घरच्या बायांनो, तो जायला तयार नसला तरी तुम्ही जाऊ शकता. अल-अ‍ॅनॉन नावाच्या सभा पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात. त्याला न सांगता गेलात तरी चालतं. नंबर पुन्हा सांगतो, पेन घ्या: एक, चार, चार, चार, सहा. आधी फोन, मग बस.