मोडण्यासाठी ठेवलेल्या वस्तूंचे अंदाजपत्रक

सभाध्यक्ष, शिक्षक मित्रहो आणि महापालिकेच्या सेवेतील अधिकारीवर्ग,

विषयाला सुरुवात करण्यापूर्वी एक सायकल डोळ्यांसमोर आणावी अशी माझी विनंती आहे. ही सायकल रस्त्यावर चालणारी नाही. ती लोखंडी चौकटीत पक्की बसवलेली आहे, मागच्या चाकाला पट्ट्याने एक लहानसे जनित्र जोडलेले आहे आणि समोरच्या फळीवर ओळीने पाच दिवे आहेत. मुलाने पायडल मारायला लागावे आणि शेजारच्या मित्राने कळ दाबून एकेक दिवा जोडत जावे, अशी योजना. दिवे वाढतात तसे पायडल जड होत जाते, आणि वीज फुकट येत नाही ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या कोणत्याही पानाआधी पोटऱ्यांना समजते.

आपल्याच राज्यातील एका शहरात, स्थानिक स्वराज्य संस्थेने बांधलेल्या विज्ञान दालनात मी ही सायकल पाहिली. पट्टा तुटलेला होता आणि हँडलला सुतळीने एक पुठ्ठा बांधलेला होता. त्यावर लिहिले होते : ‘बंद आहे. कृपया हात लावू नये.’ चौकशी केली तेव्हा कळले की पट्टा तुटून आठ महिने झाले. बाजारात तो दोन-अडीचशे रुपयांना मिळतो. परंतु दालनाची इमारत बांधली भवन विभागाने, उपकरणे घेतली भांडार विभागाने, दालनाचा ताबा शिक्षण विभागाकडे, ठेकेदाराचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघाड त्याने स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याची मुदत, संपलेला, आणि दुरुस्तीसाठी स्वतंत्र लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकातील खर्चाचे खाते, कोणाकडेच नाही. दालन उभारायला लागलेली रक्कम कोनशिलेशेजारी अभिमानाने लिहिली होती. अडीचशे रुपये मात्र कोणत्या खात्यातून द्यायचे याचे उत्तर त्या इमारतीत कोणापाशी नव्हते, आणि यात त्या कर्मचाऱ्यांचा दोष आहे असे मला वाटत नाही.

आज मला जे मांडायचे आहे ते या पट्ट्याभोवतीच फिरते. मुलांनी हाताळावे म्हणून उभारलेल्या संग्रहालयाला स्थानिक शासनाने पैसा द्यावा का, हा प्रश्न आपण नेहमी इमारतीच्या अंगाने विचारतो. वास्तविक अशा संग्रहालयाचा खरा खर्च उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो. नेहमीच्या संग्रहालयात वस्तू काचेआड असते आणि ती जितकी कमी झिजेल तितके संग्रहालय चांगले समजले जाते. बालसंग्रहालयात उलटा हिशेब आहे. तेथे दांडा निखळला, बेअरिंग घासले, कळ रुतून बसली, तर त्याचा अर्थ मुले येत आहेत. वर्षभर एकही उपकरण न मोडलेले बालसंग्रहालय कोणी मला दाखवले, तर मी आधी तेथील उपस्थितीचे रजिस्टर मागेन.

या प्रकारच्या संस्थेचा उगम न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे सापडतो. ब्रुकलिन चिल्ड्रन्स म्युझियम १६ डिसेंबर १८९९ रोजी सुरू झाले आणि खास मुलांसाठी काढलेले ते जगातील पहिले संग्रहालय मानले जाते. ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर १८९८ मध्ये न्यूयॉर्क महानगरात विलीन झाले, त्यानंतर दोन वर्षांच्या आत ही घटना घडली. संस्था काढली ती ब्रुकलिन इन्स्टिट्यूट ऑफ आर्ट्स अँड सायन्सेस या नागरी संस्थेने, परंतु जागा होती उद्यानातील एका जुन्या हवेलीची. बेडफर्ड पार्क हे त्या उद्यानाचे तेव्हाचे नाव. आज ते ब्राउअर पार्क म्हणून ओळखले जाते. पुढे ॲना बिलिंग्ज गॅलप या बाईंनी १९०२ पासून १९३७ पर्यंत तेथे काम केले आणि मुलांनी खनिजे, शिंपले, कीटक प्रत्यक्ष हातात घेऊन ओळखावेत ही पद्धत रुजवली. एकाच माणसाने पस्तीस वर्षे एक संस्था घडवावी, हा योग आपल्या बदल्यांच्या व्यवस्थेत कसा यावा, हा वेगळाच विषय आहे. तो येथे सोडून देतो.

न्यूयॉर्कमधली व्यवस्था समजून घेण्यासारखी आहे. १८७० च्या दशकात तेथील निसर्गविज्ञान संग्रहालयाच्या निमित्ताने एक घडी बसली ती अशी, की जमीन आणि इमारत शहराच्या मालकीची, तर संग्रह आणि कारभार विश्वस्त मंडळाचा. आज अशा तीसहून अधिक संस्था न्यूयॉर्कमध्ये आहेत आणि ब्रुकलिनचे बालसंग्रहालय त्यांपैकी एक आहे. शहर या संस्थांना दरवर्षी चालू खर्चासाठी अनुदान देते आणि त्यांच्या विजेचा व इंधनाचा भार उचलते. ही दुसरी बाब ऐकायला किरकोळ वाटेल, पण संस्था चालवलेल्या कोणालाही विचारा. देणगीदार दालनाला वडिलांचे नाव देण्यासाठी धनादेश फाडतो. विजेच्या बिलाला वडिलांचे नाव देता येत नाही. त्यामुळे ज्याला कोणी वाली नाही तो खर्च शहराने घ्यावा आणि ज्याला देणगीदार मिळू शकतो तो संस्थेने मिळवावा, ही वाटणी व्यवहाराला धरून आहे.

१९७७ साली या संग्रहालयाची नवी इमारत उघडली. त्याआधी दोनच वर्षे, १९७५ मध्ये, न्यूयॉर्क शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभे होते आणि हजारो पालिका कर्मचाऱ्यांना घरी पाठवले गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या इमारतीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. ती बरीचशी जमिनीखाली होती. वर रस्त्यालगत जुन्या ट्रामची एक चौकी आणून बसवली होती, तिच्यातून आत शिरायचे आणि मग सांडपाण्याच्या गटारासाठी वापरतात तशा भल्या मोठ्या पन्हळी पोलादी नळातून उतरत खाली जायचे. त्या नळातून पाण्याचा एक ओहोळ वाहत ठेवला होता. मुले त्यात हात घालायची, पाणी अडवायची, सोडायची. वास्तुरचनेच्या पुस्तकांत या नळाचे कौतुक आहे आणि ते योग्यच आहे. मी स्वतः पालिकेच्या कामांशी जन्मभर संबंध आलेला माणूस असल्यामुळे माझ्या मनात मात्र पहिला प्रश्न आला तो पाण्याच्या पंपाचा. इमारतीच्या आत वाहते पाणी म्हणजे गळती, शेवाळ, ओल्या फरशीवरून घसरणारी मुले, आणि हातात पोतेरे घेऊन दिवसभर उभा असलेला एक माणूस. तो माणूस कोणाच्या पगारपत्रकावर आहे, या प्रश्नाचे उत्तर तयार असल्याखेरीज असा ओहोळ कोणी काढू नये.

२००८ मध्ये रफाएल विन्योली यांच्या आराखड्यानुसार त्याच इमारतीचा विस्तार झाला. आता बाहेरून पाहिले तर पिवळ्याधमक फरश्यांनी मढवलेला एक मोठा, वळणदार आकार दिसतो. त्याहून मला महत्त्वाचे वाटते ते जमिनीखाली खोल विहिरी घेऊन भूगर्भातील स्थिर तापमानाच्या आधारे इमारत उबदार व थंड ठेवण्याची केलेली सोय. इमारत बांधणारा आणि बिल भरणारा एकच असला, की असा विचार सुचतो. आपल्याकडे बांधणारा विभाग आणि बिल भरणारा विभाग वेगळे असतात, म्हणून पश्चिमेकडे तोंड करून काचेच्या भिंती उभ्या राहतात आणि एप्रिलमध्ये आत पंखे पुरत नाहीत.

न्यूयॉर्कचे सारे आलबेल आहे असे मी सुचवत नाही. तेथील आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. त्याआधी महापौरांच्या अंदाजपत्रकात सांस्कृतिक संस्थांच्या अनुदानाला कात्री लागते, मग नगरसभा आरडाओरड करून त्यातले बरेचसे परत आणते, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी दोघेही समाधानाने हस्तांदोलन करतात. या वार्षिक प्रकाराला तेथे ‘बजेटचा नाच’ असेच म्हणतात. नगरसभेचे सदस्य आणि शहराच्या प्रत्येक भौगोलिक विभागाचे (तेथील शब्दात ‘बरो’चे) निवडून आलेले अध्यक्ष यांना स्वतःच्या अखत्यारीत भांडवली कामांसाठी रक्कम देता येते. म्हणजे आपला नगरसेवक निधी साता समुद्रापलीकडेही आहे, आणि तोही बांधकामाकडेच ओढ घेतो. इमारतीसमोर छायाचित्र काढता येते, बेअरिंगसमोर काढता येत नाही.

या नाचातून सुटका करून घेण्याचा एक मार्ग अमेरिकेतीलच इतर दोन शहरांनी शोधला. डेन्व्हर आणि आसपासच्या परगण्यांतील मतदारांनी १९८८ मध्ये दहा डॉलरच्या खरेदीवर एक सेंट इतका विक्रीकर स्वतःवर लावून घेतला. त्यातून विज्ञान व सांस्कृतिक संस्थांना पैसा मिळतो आणि तेथील बालसंग्रहालयही त्यात येते. ठरावीक वर्षांनी तो कर पुन्हा मतदारांसमोर न्यावा लागतो आणि आजवर मतदारांनी तो चालू ठेवला आहे. पिट्सबर्गच्या परगण्यात १९९० च्या दशकाच्या मध्यापासून एक टक्का जादा विक्रीकर आहे. त्यातला अर्धा वाटा ग्रंथालये, उद्याने, क्रीडागारे आणि संग्रहालये यांच्यासाठी वेगळा काढला जातो. १९८३ मध्ये जुन्या टपाल कचेरीच्या तळघरात सुरू झालेले पिट्सबर्गचे बालसंग्रहालय २००४ मध्ये शेजारच्या रिकाम्या पडलेल्या तारांगणाच्या इमारतीला जोडून घेऊन वाढले. जुनी इमारत पाडण्याऐवजी मुलांच्या हवाली करावी, हे मला फार आवडले.

आपल्याकडे असा कर लावता येणार नाही, हे उघड आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आणि वस्तू व सेवा कराच्या नुकसानभरपाईवर महापालिका दिवस काढत आहेत. परंतु पैसा देण्याचा अधिकारच नाही, असे जे कधीकधी ऐकवले जाते, ते खरे नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना चालना देणे हे नागरी संस्थांचे एक काम म्हणून नोंदवलेले आहे. अडचण अशी, की ही कामे ऐच्छिक कर्तव्यांत मोडतात. पाणी, मलनिस्सारण, रस्ते ही बंधनकारक. आणि ‘आधी पाणी द्या, मग खेळणी द्या’ असे कोणी सभागृहात म्हणाले, की पुढे बोलायला तोंड राहत नाही. मी त्या सदस्याशी वाद घालणार नाही. फक्त एवढेच दाखवून देईन, की आपण खेळण्यांच्या इमारतीवर कोट्यवधी रुपये आधीच खर्च करून बसलेलो असतो आणि काटकसर आठवते ती पट्ट्याच्या वेळी.

महाराष्ट्रात पाया नाही असेही नाही. चिंचवडला महापालिकेने राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या साहाय्याने सायन्स पार्क उभे केले, आणि उपकरणे बनवण्याचा अनुभव असलेली संस्था सोबत असणे किती मोलाचे असते याचे ते उदाहरण आहे. मुंबईत भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय हे बालसंग्रहालय नव्हे, तरी तेथील कराराकडे मी पालिकांचे लक्ष वेधीन. २००३ मध्ये मुंबई महापालिका, वारसा जतनाचे काम करणारी इन्टॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांच्यात त्रिपक्षीय करार झाला; मालकी पालिकेचीच राहिली, तज्ज्ञता आणि देणगीचा पैसा बाहेरून आला, आणि जीर्ण झालेली ती वास्तू २००८ मध्ये नव्या रूपात लोकांना खुली झाली. ब्रुकलिनच्या व्यवस्थेशी या कराराचे जवळचे नाते आहे. अशी चौकट बालसंग्रहालयासाठी वापरायला कायद्याची आडकाठी मला दिसत नाही.

करारात काय असावे, याविषयी माझा आग्रह थोडक्यात सांगतो. अंदाजपत्रकात ‘बालसंग्रहालय : उपकरणे देखभाल-दुरुस्ती’ या नावाचे महसुली लेखाशीर्ष पहिल्याच वर्षी उघडले जावे आणि त्यातील रक्कम वर्षअखेरीस, फेब्रुवारी-मार्चमध्ये, दुसऱ्या कामाकडे वळवता येऊ नये. संग्रहालय प्रमुखाला लहान दुरुस्तीसाठी अग्रधन, म्हणजे हाताशी ठेवायची आगाऊ रक्कम, मिळावे, म्हणजे अडीचशे रुपयांसाठी तीन दरपत्रके मागवावी लागणार नाहीत. पालिका शाळांच्या मुलांना प्रवेश विनामूल्य असावा आणि त्यांना आणण्यासाठी बसची तरतूदही त्यातच असावी, कारण तिकीट माफ करून बस न देणे म्हणजे जेवायला बोलावून दाराला कुलूप लावण्यासारखे आहे. उरलेल्यांना तिकीट लावायला माझी हरकत नाही. मात्र तिकिटाच्या पैशांवर संग्रहालय चालेल अशी आकडेमोड कोणी मांडली, तर ती स्वीकारू नये. दर वाढवत नेले की नेमकी तीच मुले गळतात, ज्यांच्या नावाने आपण पालिकेकडे पैसा मागितला होता.

आणि शेवटची गोष्ट कार्यशाळेची. ज्या इमारतीत रोज वस्तू मोडणार, त्या इमारतीत लेथ, वेल्डिंग आणि सुतारकाम यांना एक चांगली हवेशीर खोली हवी आणि तीत काम करणारे दोन कारागीर कायम नोकरीवर हवेत. गेल्या वर्षी मला एका नियोजित बालसंग्रहालयाचा आराखडा अभिप्रायासाठी दाखवण्यात आला. रंगीत छापील आराखडा होता, सभागृह होते, मान्यवरांसाठी स्वतंत्र कक्ष होता, त्याला जोडून स्वच्छतागृहही होते. मी कार्यशाळा कोठे आहे असे विचारले. वास्तुविशारदांनी थोडा वेळ शोधून जिन्याखालच्या तिरक्या जागेवर बोट ठेवले, आणि शेजारी बसलेले विद्युत विभागाचे अभियंता हळूच म्हणाले, ‘‘साहेब, तिथे मीटर येणार आहेत.’’